गिटमध्ये एखादे फोल्डर काही जणांपासून लपवता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच गिट रेपोत, म्हणजे कोड आणि त्याचा सगळा इतिहास ठेवणाऱ्या भांडारात, तीसेक कंपोनंट (प्रॉडक्टचे सुटे भाग) आहेत. त्यांतले दोन, किंमत ठरवणारे इंजिन आणि लायसन्स तपासणारे मोड्यूल, बाहेरून घेतलेल्या कंत्राटी टीमला दिसता कामा नयेत. पण तीच टीम बाकीच्या कोडवर काम करणार आहे, आणि पूर्ण प्रॉडक्ट तिला आपल्या मशीनवर बिल्ड करून चालवूनही पाहायचे आहे. तर फोल्डरवरची रीड परमिशन काढून घ्यायची सेटिंग कुठे असते?

कुठेच नसते. रेपो ठेवायच्या वेबसाइटांपैकी गिटहबवर नाही, गिटलॅबवर नाही, बिटबकेटवर नाही. स्वतःच्या सर्व्हरवर गिटोलाइट हे परवानग्या सांभाळणारे सॉफ्टवेअर बसवले तरी नाही. पुढच्या आवृत्तीत येईल म्हणून वाट पाहण्यातही अर्थ नाही. ही सोय द्यायची राहून गेलेली नाही, गिटच्या रचनेतच तिला जागा नाही. गिटमध्ये भिंत एकच असते, ती रेपोची. आत आलेल्याला आतले सगळे दिसते.

असे का, हे एकदा नीट समजून घेतले की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. गिट फाइलचा मजकूर ब्लॉब म्हणून साठवते आणि त्या मजकुरावरून काढलेला हॅश (ठशासारखा एक लांब आकडा) हीच त्या ब्लॉबची ओळख. ब्लॉबला स्वतःचे नाव ठाऊक नसते, आपण कुठल्या फोल्डरात आहोत हेही ठाऊक नसते. नावे असतात ट्री नावाच्या वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये, आणि सर्वांत वरच्या ट्रीकडे कमिट, म्हणजे त्या क्षणाच्या कोडची नोंद, बोट दाखवतो. एकच मजकूर दोन फोल्डरांत असला तर ब्लॉब एकच. आता क्लोन (पूर्ण प्रत घेणे) किंवा फेच (नवे बदल आणणे) करणारा क्लायंट सर्व्हरकडे काय मागतो? ‘अमुक फोल्डर दे’ असे तो म्हणत नाही. तो म्हणतो, या हॅशचा कमिट हवा, आणि त्या त्या हॅशचे कमिट माझ्याकडे आधीच आहेत. सर्व्हर मधला फरक पॅकफाइलमध्ये बांधून पाठवतो. या बोलण्यात पाथ, म्हणजे फोल्डरचा किंवा फाइलचा पत्ता, येतच नाही, मग पाथवर परवानगी तपासायची कुणी आणि कधी?

त्यातून पॅकफाइलमध्ये एक ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या तुलनेतला फरक म्हणून साठवलेला असू शकतो. म्हणजे दाखवायची फाइल लपवायच्या फाइलच्या आधारावर उभी असू शकते. गिटच्या फेच आणि पुश या कमांडांच्या मॅन्युअलमध्ये शेवटी सुरक्षेबद्दल छोटा भाग आहे. तो फारसा कुणी वाचत नाही. त्यात स्पष्ट लिहिले आहे की समोरच्या बाजूने डेटा चोरू नये यासाठी हे प्रोटोकॉल बनवलेलेच नाहीत, आणि जपायचा खाजगी डेटा असेल तर तो दुसऱ्या रेपोत ठेवणे हाच चांगला उपाय. नेमका हा फरक वापरून न दिलेल्या ऑब्जेक्टमधला मजकूर कसा काढता येतो, तेही तिथे सांगितले आहे. ज्यांनी वस्तू बनवली तेच असे सांगत असतील, तर वरून बसवलेल्या वेबसाइटकडून वेगळी अपेक्षा कशी करायची?

आणखी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. लिहिण्याची परवानगी दारावर तपासता येते. पुश (सर्व्हरकडे पाठवलेला बदल) आला, हुकने (सर्व्हरवरच्या तपासणी स्क्रिप्टने) पाहिले, नाकारला. चुकून आत गेलाच तर रिव्हर्ट करता येतो. वाचण्याचे तसे नाही. वाचू दिले म्हणजे प्रत दिली, आणि गिटमध्ये ती प्रत आजच्या फाइलींची नसते, पहिल्या दिवसापासूनच्या इतिहासाची असते. दिलेली प्रत परत घेता येत नाही. त्यामुळे मी ‘वाचायचा हक्क कुणाला’ असा विचार करतच नाही. ‘या कोडच्या प्रती कुठे कुठे जातात’ असे विचारतो. खालचे सगळे त्या एका प्रश्नाभोवतीच फिरते.

आधी काही गैरसमज. कोडओनर्स फाइल वाचण्यावर काहीही बंधन घालत नाही. बदल कुणी तपासायचा एवढेच ती ठरवते. ब्रँच प्रोटेक्शनचेही (कोडच्या एखाद्या शाखेवरचे बंधन) तेच, सगळे लिहिण्याबद्दल. स्पार्स चेकआउटमुळे फोल्डर डिस्कवर दिसत नाही, पण ऑब्जेक्ट लपलेल्या डॉट-गिट फोल्डरात आलेले असतात. पार्शल क्लोन केले तर ब्लॉब सुरुवातीला येत नाहीत, मात्र गरज पडली की गिट स्वतःच सर्व्हरकडून आणून देते, काही न विचारता. या दोन्ही सोयी मोठ्या रेपोत वेळ आणि जागा वाचवण्यासाठी आहेत. मी एका ठिकाणी स्पार्स चेकआउटची स्क्रिप्ट ‘सुरक्षा धोरण’ या शीर्षकाखाली लिहून ठेवलेली पाहिली आहे. लिहिणारा माणूस हुशार होता. त्याने फक्त डोळ्यांना दिसते ते तपासले होते.

ब्रँच लपवणे हा जरा वेगळा मामला आहे. गेरिट या कोड तपासणीच्या सर्व्हरवर रेफनिहाय (रेफ म्हणजे कमिटकडे बोट दाखवणारे नाव, जसे ब्रँचचे) वाचण्याची परवानगी खरोखर देता येते. साध्या गिट सर्व्हरवरही काही रेफ जाहीर न करण्याची सेटिंग आहे. पण साध्या सर्व्हरवर ही सेटिंग म्हणजे पडदा आहे, भिंत नव्हे. गिटच्या प्रोटोकॉलच्या दुसऱ्या आवृत्तीत क्लायंटने मागितलेला हॅश जाहीर केलेल्या रेफांपैकीच असावा अशी अट नाही, त्यामुळे हॅश माहीत असणारा तो मागू शकतो. गेरिट स्वतः तपासणी करते, म्हणून तिथे परिस्थिती बरी. तरीही दिसणाऱ्या ब्रँचच्या इतिहासात लपवलेला कोड कधीही मिसळलेला नसेल तरच याचा उपयोग. तुमचे दोन कंपोनंट पहिल्या दिवसापासून मेन ब्रँचमध्येच असणार, म्हणजे हा मार्ग तुमच्यासाठी बंदच.

फोर्कचेही, म्हणजे दुसऱ्या खात्यात काढलेल्या रेपोच्या प्रतीचेही, भान ठेवा. गिटहबवर एका रेपोचे सगळे फोर्क मिळून एक जाळे होते आणि एका फोर्कमधला कमिट, हॅश माहीत असल्यास, त्याच जाळ्यातल्या दुसऱ्या रेपोच्या पत्त्यावरून उघडता येतो. तो फोर्क नंतर डिलीट केला तरीही. ही रचना गिटहबने स्वतःच्या मदत-पानांत नोंदवलेली आहे. म्हणून ‘फोर्क करू, त्यातून फोल्डर उडवू आणि तो फोर्क त्यांना देऊ’ हा बेत मनातून काढून टाका.

मग फोल्डरनिहाय वाचण्याची परवानगी देणारे काही आहे का? आहे, पण ते केंद्रीय सर्व्हर असलेल्या जुन्या घराण्यातले. सबव्हर्जनमध्ये ऑथझ या परवानग्यांच्या फाइलमध्ये पाथ लिहायचा, खाली ग्रुपचे नाव आणि त्यापुढे वाचणे किंवा वाचणे-लिहिणे. पुढे काहीच लिहिले नाही तर प्रवेश बंद. परफोर्समध्ये प्रोटेक्शन टेबल असते. त्यात ओळींचा क्रम महत्त्वाचा असतो. पाथच्या आधी उणे चिन्ह दिले की तेवढा भाग वगळला जातो. तिथे वाचण्याच्याही खाली ‘लिस्ट’ नावाची पायरी आहे: फाइल आहे एवढे कळते, आत काय आहे ते कळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या टीएफव्हीसी या व्हर्जन कंट्रोलमध्येही पाथवर परवानगी देता येते. गूगलच्या अंतर्गत पायपर या एकाच महाकाय रेपोत फाइलनिहाय परवानग्या आहेत. २०१६ साली त्यांच्या अभियंत्यांनी लिहिलेल्या लेखात जानेवारी २०१५चे आकडे आहेत: सुमारे ८६ टेराबाइट डेटा आणि दोन अब्ज ओळींचा कोड. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. बहुतेक सगळा कोड सगळ्यांना खुला ठेवून काही मोजक्याच फाइली बंद केलेल्या आहेत, आणि प्रत्येक वाचनाची नोंद होते. नको ती फाइल चुकून आत गेली तर ती काढण्याआधी कुणी उघडली होती का, हे त्यांना पाहता येते. गिटमध्ये कुणी क्लोन केले हे सर्व्हरला कळते. पुढे त्याने त्यातली कुठली फाइल उघडली, हे कधीच कळणार नाही.

पण पाथवरची परवानगी मिळाली म्हणजे झोप लागली असे नाही. सबव्हर्जनमध्ये मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. ट्रंकखालच्या (ट्रंक म्हणजे मुख्य शाखा) एका इंजिन फोल्डरवर मी नियम लावला: आतल्या चार जणांच्या ग्रुपला वाचणे-लिहिणे, बाकी सगळ्यांना बंद. कंत्राटदाराच्या खात्याने चेकआउट करून पाहिले, ते फोल्डर आले नाही. मी समाधानाने फाइल बंद केली. तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्याच एका मुलाने मला निरोप पाठवला, “सर, इंजिनच्या राउंडिंगमध्ये एक चूक दिसते, फिक्स पाठवू का?” आधी मला वाटले याने बायनरी उघडून पाहिली. तसे काही नव्हते. रिलीज मॅनेजरने ट्रंकवरून रिलीजची ब्रँच काढली होती. सबव्हर्जनमध्ये ब्रँच म्हणजे एका फोल्डरची दुसऱ्या पाथवर केलेली कॉपी. माझा नियम ट्रंकच्या पाथला चिकटलेला. ब्रँचेसखालच्या पाथवर नियमच नव्हता. मुलगा बिचारा सांगितलेल्या ब्रँचवर काम करत होता. राउंडिंगची चूक, जाता जाता सांगतो, खरी होती.

सबव्हर्जनच्या १.१० आवृत्तीत ऑथझ फाइलमध्ये वाइल्डकार्ड आले, त्यामुळे ‘कुठेही असो, या नावाचे फोल्डर’ असा नियम लिहिता येतो. त्याआधी प्रत्येक नव्या ब्रँचसोबत नियम वाढवावा लागे किंवा आधी सगळे बंद करून मोजकेच उघडावे लागे. वाइल्डकार्ड असले तरी कुणी फोल्डरचे नाव बदलले की नियम हवेत. तुम्ही आज सबव्हर्जन किंवा परफोर्सवर असाल तर जे आहे ते नीट वापरा: आधी सगळे बंद, मग मोजके उघडे, उलट नको. पण एवढ्या एका कारणासाठी गिट सोडून तिकडे जा असे मी कुणाला सांगणार नाही. गेम किंवा चिप डिझाइनसारख्या कामात, जिथे प्रचंड बायनरी फाइली आणि बाहेरचे भागीदार दोन्ही असतात, तिथे परफोर्स टिकून आहे त्याला कारणे आहेत. तीस कंपोनंटच्या सॉफ्टवेअरसाठी एवढा संसार हलवण्यात फायदा नाही.

म्हणजे उरला एकच रस्ता: दोन कंपोनंट वेगळ्या रेपोत काढणे. इथपर्यंत बहुतेक लोक येतात आणि मग फोल्डर उचलून नव्या रेपोत टाकतात. दुसऱ्या दिवशी बिल्ड तुटते, तिसऱ्या दिवशी वैतागून कुणीतरी कंत्राटी टीमला ‘तात्पुरता’ प्रवेश देतो, आणि तो तात्पुरता प्रवेश प्रॉडक्टपेक्षा जास्त वर्षे जगतो. परवानगी देणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ज्याला कोड दिसत नाही त्याला बिल्ड कसे करता येईल, खरे काम तिथे आहे.

कापायचे कुठे, हे फोल्डर पाहून ठरवू नका. कोण कुणाला बोलावते ते पाहून ठरवा. किंमत ठरवणाऱ्या इंजिनाला बाहेरचा कोड किती ठिकाणांहून हाक मारतो? माझ्या अनुभवात पहिल्या मोजणीत चाळीस-पन्नास जागा निघतात, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त इंजिनाला नाही तर त्याच्या फोल्डरात पडलेल्या कुठल्यातरी तारखेच्या किंवा चलनाच्या किरकोळ फंक्शनला हाक मारत असतात. ती फंक्शने आधी बाहेर, सगळ्यांच्या सामाईक कंपोनंटमध्ये हलवा. मग उरलेल्या हाका चार-पाच फंक्शनच्या एका इंटरफेसमागे आणा. हे सगळे रेपो न फोडता, आहे त्याच रेपोत, रोजच्या कमिटमध्ये करा. त्या इंटरफेसवर दोन-तीन आठवडे काढा. तो रोज बदलत असेल तर तुम्ही चुकीच्या जागी कापत आहात.

इंटरफेसच बोलका नसावा, हेही पाहा. लायसन्स मोड्यूलच्या एका हेडर फाइलमध्ये मी एक इनम (ठरावीक नावांची यादी) पाहिला होता, त्यात तपासणीच्या प्रत्येक पायरीचे नाव होते: मशीनचा ठसा, घड्याळ मागे नेल्याची तपासणी, ऑफलाइन मुदत, सगळे क्रमाने. आतला कोड बंद ठेवून उपयोग काय, दारावर नकाशा चिकटवलेला! बाहेर जायला हवे होते फक्त ‘वैध’, ‘अवैध’ आणि ‘मुदत संपत आली’.

इंटरफेस ठरला की कंत्राटी टीमला तीनपैकी एक गोष्ट द्यायची. पहिली, स्टब: तोच इंटरफेस, आत खोटी पण शहाणी उत्तरे. किंमत विचारली की ठरावीक तक्त्यातून आकडा, लायसन्स विचारले की नेहमी वैध. रोजच्या नव्वद टक्के कामाला एवढे पुरते आणि गळतीचा प्रश्नच उरत नाही. दुसरी, तयार बायनरी: नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीसारख्या पॅकेज रजिस्ट्रीतून, आवृत्ती क्रमांकासह. तिसरी, सर्व्हिस: इंजिन तुमच्या सर्व्हरवर चालते, त्यांना नेटवर्कवरून उत्तर मिळते. मी बहुतेक वेळा स्टबने सुरुवात करतो आणि इंटिग्रेशन टेस्टसाठी सर्व्हिस देतो. स्टब आणि खरे इंजिन वेगवेगळे वागू लागू नयेत म्हणून एकच टेस्ट संच दोघांवर चालवायचा. तो संच सगळ्यांना दिसतो, खऱ्या इंजिनावर मात्र तो आतल्या पाइपलाइनमध्येच, म्हणजे आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या साखळीतच, चालतो.

बायनरी देताना सावध राहा. जावाचा जार (तयार पॅकेज) डिकंपाइल करायला, म्हणजे त्यातून कोड परत काढायला, काही मिनिटे लागतात आणि निघणारा कोड बऱ्यापैकी वाचनीय असतो, डॉटनेटचेही तसेच. सी प्लस प्लसची लायब्ररी जरा बरी, पण डीबग सिम्बॉल काढले नसतील तर फंक्शनची नावे आणि फाइलींचे पाथही सोबत जातात. मेव्हन या जावाच्या बिल्ड टूलमध्ये सोर्सचा जार प्रकाशित करणारा प्लगइन कुणीतरी कधीतरी लावलेला असतो, तो शोधा. जावास्क्रिप्ट असेल तर सोर्स मॅपमध्ये मूळ कोड जसाच्या तसा असू शकतो. कंटेनर इमेजमध्ये सोर्स कॉपी करून नंतरच्या पायरीत डिलीट केला तरी आधीच्या लेयरमध्ये तो राहतो. किमतीच्या सूत्रातले आकडेच गुपित असतील तर बायनरी हा पर्यायच नाही, ते आकडे तिच्यात बसलेलेच असतात. तिथे सर्व्हिसशिवाय इलाज नाही.

सबमोड्यूल वापरू का, हा प्रश्न येणारच. चालते. मुख्य रेपोत फक्त दुसऱ्या रेपोचा पत्ता आणि एका कमिटचा हॅश राहतो. ज्याला त्या रेपोत प्रवेश नाही त्याचे फोल्डर रिकामे राहते. मग बिल्ड स्क्रिप्टने पाहायचे: फोल्डर भरलेले असेल तर सोर्सवरून बांध, रिकामे असेल तर स्टब जोड. दोन त्रास लक्षात ठेवा. सगळे सबमोड्यूल एकदम आणायची सवय असलेल्याची कमांड परवानगीच्या एररवर अडते, म्हणून कुठले आणायचे ते कागदावर नाही तर स्क्रिप्टमध्ये लिहा. आणि पत्ता सापेक्ष ठेवा, नाहीतर एसएसएचवाल्यांचे आणि एचटीटीपीएसवाल्यांचे रोज भांडण. सबट्री मात्र इथे चालणार नाही, कारण ती मजकूरच मुख्य रेपोत आणून टाकते. नावे सारखी वाटतात म्हणून लोक गोंधळतात. रेपोंची संख्या मोठी असेल तर अँड्रॉइडच्या कोडसाठी गूगलने बनवलेले रेपो नावाचे टूल आहे. त्यात मॅनिफेस्ट फाइलमध्ये प्रकल्पांचे ग्रुप करता येतात आणि बाहेरच्यांना वेगळा मॅनिफेस्ट देता येतो. उलट, आत एकच मोठा रेपो ठेवून बाहेर गाळलेली प्रत पाठवायची असेल तर गूगलचेच कॉपीबारा आहे. दोन कंपोनंटसाठी ते जड पडेल.

आता इतिहास. नव्या रेपोत हलवले आणि जुन्यातून फोल्डर डिलीट केले, तर कालपर्यंतचा सगळा कोड जुन्या कमिटमध्ये तसाच आहे. इतिहास गाळावा लागतो आणि त्यासाठी फिल्टर-रेपो हे टूल वापरा. जुन्या फिल्टर-ब्रँचऐवजी हेच वापरा असे गिटचे मॅन्युअलच सांगते. लोक हमखास चुकतात ते एका ठिकाणी: आजचा पाथ देऊन गाळतात. पाच वर्षांपूर्वी तेच इंजिन ‘कोअर’ नावाच्या फोल्डरात होते, त्याआधी ‘युटिल’मध्ये एका फाइलीत. ते पाथ दिले नाहीत तर ती पूर्वजन्मीची रूपे तशीच राहतात. फिल्टर-रेपोला विश्लेषणाचा एक पर्याय आहे. तो चालवला की नावे कशी बदलत गेली याचा अहवाल मिळतो. गाळण्याआधी तो चहाचा कप घेऊन निवांत वाचा. कमिट मेसेजही पाहा, काही लोक तिथे सूत्रेच लिहून ठेवतात.

गाळलेला इतिहास जुन्याच पत्त्यावर फोर्स-पुश (जुन्यावर जबरदस्तीने पुश) करू नका. जुन्या पुल रिक्वेस्टचे रेफ, कॅश, फोर्क यांत जुने कमिट जिवंत राहतात. नवा कोरा रेपो उघडा, गाळलेला इतिहास तिथे टाका आणि जुना रेपो फक्त आतल्या लोकांसाठी, वाचण्यापुरता ठेवा. हॅश बदलल्यामुळे सगळ्यांना नव्याने क्लोन करावे लागेल आणि एक दिवस कुरकुर होईल, ती होऊ द्या. कुणी जुन्या क्लोनमधून नव्या रेपोत पुश केले तर गाळलेले सगळे परत येते, त्यामुळे सर्व्हरवर गाळण्याआधीचे जुने कमिट नाकारणारा हुक लावून ठेवा.

एवढे झाल्यावर लोक निर्धास्त होतात, आणि नेमका तेव्हाच सीआयकडून, म्हणजे या पाइपलाइन चालवणाऱ्या यंत्रणेकडून, कोड गळतो. विचार करा: मुख्य पाइपलाइनला पूर्ण प्रॉडक्ट बांधायचे आहे, म्हणून तिच्याकडे बंद रेपो वाचणारे टोकन (प्रवेशाची किल्ली) आहे. कंत्राटी टीममधला कुणीही त्या पाइपलाइनमध्ये चालणारी बिल्ड स्क्रिप्ट बदलू शकतो. एक ओळ वाढवून फाइलींचा मजकूर लॉगमध्ये छापला की काम झाले. वाईट हेतूही लागत नाही. डीबगिंगसाठी कुणी फोल्डरातल्या सगळ्या फाइली छापल्या तरी तेच. जो पाइपलाइनचा कोड लिहितो, त्याला पाइपलाइन जे वाचते ते सगळे वाचता येते, हे धरूनच चाला.

म्हणून बंद कंपोनंट त्याच्या स्वतःच्या रेपोच्या पाइपलाइनमध्ये बांधला जावा, तिथून बायनरी रजिस्ट्रीत जावी, आणि मुख्य पाइपलाइनने सोर्सला कधी हातच लावू नये. बाहेरच्यांच्या ब्रँच स्टबवर चालतात. खरी बायनरी जोडणारे रिलीज बिल्ड फक्त सुरक्षित ब्रँचवर, आतल्या माणसाच्या मंजुरीनंतर. टोकन द्यावेच लागले तर एकाच रेपोपुरती, फक्त वाचण्याची डिप्लॉय की द्या. गिटहब अॅक्शन्सचे आपोआप मिळणारे टोकन फक्त त्याच रेपोपुरते असते, आणि ही मर्यादा चांगली आहे. पण ती अडचणीची वाटून लोक एखाद्याचे वैयक्तिक टोकन सीक्रेटमध्ये टाकतात, आणि तो एखादा बहुतेक वेळा अॅडमिन असतो. एकदा अशा टोकनाचा मालक शोधत शोधत मी माझ्यापर्यंतच पोहोचलो होतो.

डीफॉल्ट परवानग्याही तपासा. गिटहबच्या ऑर्गनायझेशनमध्ये सदस्यांची मूळ परवानगी वाचण्याची असते, म्हणजे नवा खाजगी रेपो सगळ्या सदस्यांना दिसतो. ती ‘काही नाही’वर आणा किंवा कंत्राटी लोकांना सदस्य न करता बाहेरचे सहकारी म्हणून जोडा. गिटलॅबमध्ये खाजगी प्रकल्पाचा कोड साधारणपणे रिपोर्टरपासून पुढे दिसतो, आणि ग्रुपवर दिलेली भूमिका खालच्या सगळ्या प्रकल्पांना लागू होते. म्हणून बंद रेपो त्याच ग्रुपखाली ठेवू नका. कोड शोधणारे अंतर्गत सर्च इंजिन आणि एआय सहायकाचा इंडेक्स कुणाच्या खात्याने रेपो वाचतो, हेही विचारा.

‘एन्क्रिप्ट करून त्याच रेपोत ठेवले तर?’ गिट-क्रिप्टने ते होते, काही कॉन्फिग फाइलींसाठी ठीकही आहे. पूर्ण कंपोनंटसाठी नको. फाइलींची नावे उघडी राहतात, किल्ली नसलेल्याला बिल्ड येत नाही ते नाहीच, आणि एकदा किल्ली दिलेल्या माणसाकडून जुन्या आवृत्त्यांचा प्रवेश काढून घेता येत नाही. पासवर्ड आणि एपीआय की यांचा इथे संबंधच नको. त्या कुठल्याच रेपोत नकोत.

हे सगळे दोन कंपोनंटसाठी करा, दहासाठी नको. प्रत्येक बंद पेटीची किंमत रोज मोजावी लागते: स्टॅक ट्रेस (चूक कुठून आली त्याचा माग) पेटीच्या दारापाशी थांबतो आणि बाहेरचा माणूस हात बांधून बसतो. म्हणून पेटीच्या आतल्या टीममधला एक जण त्यांच्यासाठी ठरलेला असावा, दिवसभरात उत्तर देणारा. ज्या कंपोनंटसाठी असा माणूस द्यायची तयारी नाही, तो बहुधा लपवण्याइतका मोलाचाही नसतो.

शेवटी तपासणी, आणि ती स्वतःच्या खात्याने करू नका. कंत्राटी ग्रुपमधले एक कोरे खाते आणि एक कोरे मशीन घ्या. बंद कंपोनंटमध्ये आधी दोन खुणा पेरून ठेवा: एका कॉमेंटमध्ये कुठेही न सापडणारा एक विचित्र शब्द, आणि कोडमधल्या एका स्ट्रिंगमध्ये दुसरा. मग कोऱ्या खात्याने क्लोन करा, पूर्ण बिल्ड करा, टेस्ट चालवा, सीआयची जी पाने उघडतात ती सगळी उतरवून घ्या, आणि दोन्ही शब्द सगळीकडे शोधा: इतिहासात, पॅकेज कॅशमध्ये, इमेजच्या लेयरमध्ये, लॉगमध्ये. स्ट्रिंगमधला शब्द सापडला तर बायनरी पोहोचली आहे. कॉमेंटमधला सापडला तर सोर्सच पोहोचला आहे. खुणा पेरलेल्या अवस्थेत आतली पाइपलाइनही निदान एकदा चाललेली असू द्या.

मागच्या वेळी मी हे केले तेव्हा रेपो स्वच्छ निघाला, इतिहास स्वच्छ, जार स्वच्छ, लॉगही स्वच्छ. कॉमेंटमधला शब्द सापडला टेस्ट कव्हरेजच्या अहवालात. आतल्या पाइपलाइनने बनवलेला तो एचटीएमएल अहवाल सगळ्यांच्या डॅशबोर्डवर जात होता, आणि त्यात इंजिनाची प्रत्येक फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत होती. चाललेल्या ओळी हिरव्या, न चाललेल्या लाल.